भोवऱ्यांचा ताळा

टायफॉईड उतरला, पण झोप काही उतरली नाही. मृणाली वरच्या खोलीत खिडकीशी पडून असायची आणि जागेपण कुठे संपतं, झोप कुठे सुरू होते हे तिचं तिलाच कळायचं नाही. खिडकीतून गोदामांची निळी छपरं दिसायची, एकामागे एक, थेट खाडीपर्यंत. दुपारी पत्रे तापले की त्यांच्यावरची हवा थरथरू लागायची आणि पलीकडचे ताड, विजेचे खांब, उभे कंटेनर, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं डुलायचं. मृणाली ते डुलणं बघत राहायची. कधी डोळे मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांआडही ते चालूच असायचं.

गोदूआत्या पेजेची वाटी घेऊन वर यायची. मृणालीची आई लवकर गेली, तेव्हापासून या थोरल्या आत्यानंच तिला वाढवलेलं. आता पोर एकोणतीस वर्षांची झाली, गुजरातेत एका संशोधन संस्थेत नोकरीला लागली, तरी आत्याच्या लेखी ती पेज न पिणारी पोरच होती.

"अजून कनाला बगतंस त्या पत्र्यांकरं? पी ही आदी."

"आत्या, ती हवा बघ कशी हलते."

"गरम झाली का हलनारच. त्यात काय बगाचा?"

मृणाली हसायची. तिची सगळी नोकरीच त्या 'त्यात काय बघायचं'मध्ये होती.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं की चांगदेव तऱ्यांची पोर सूर्य बनवायच्या कामावर आहे. चांगदेवांनी, म्हणजे तिच्या बापानंच, ते गावभर करून ठेवलं होतं. खरं काम एवढं झळझळीत नव्हतं. मेदूवड्याच्या आकाराचं एक पोलादी भांडं. त्यातली हवा उपसून टाकायची, चिमूटभर हायड्रोजन सोडायचा आणि तो सूर्याच्या गाभ्याहूनही जास्त तापवायचा. इतकं तापलेलं काही कुठल्या भिंतीला टेकवता येत नाही, म्हणून चुंबकांच्या जोरावर ते भांड्याच्या मधोमध अधांतरी धरून ठेवायचं. धरता येतं तसं. पण त्यातली उष्णता बाहेर गळत राहते, कारण त्या आगीत भोवरे उठतात, खाडीच्या मुखाशी भरतीला उठतात तसे, आणि ते आतली ऊब उचलून बाहेर नेऊन टाकतात. ही गळती थांबली तर त्या भांड्यातून वीज काढता येईल. म्हणून जगभरातली माणसं त्या भोवऱ्यांचं गणित मांडत बसलेली. मृणालीच्या गटानंही एक गणित मांडलं होतं. संगणकात भोवरे उठवायचे आणि खऱ्या यंत्रात किती उष्णता गळेल ते सांगायचं.

सांगणं सोपं. ताळा पाहणं अवघड. समुद्रापलीकडच्या एका देशातलं यंत्र त्यांना प्रयोगासाठी मिळालं होतं, आणि अट अशी होती की अंदाज आधी पाठवायचा, प्रयोग नंतर व्हायचा. मागाहून आकडे पुढे-मागे सरकवायची सोय नाही. मृणालीनं अंदाज पाठवला त्याच संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. शुद्धीवर म्हणावी तशी ती आली तेव्हा ती वळ गावी, आपल्या घरी होती, आत्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती, आणि प्रयोग तिच्याविना होऊन गेला होता.

हितेशचा फोन आला तो अशाच एका दुपारी. हितेश तिच्याबरोबरच संस्थेत लागलेला, मूळचा कल्याणचा. एरवी तो फार संथ बोलायचा.

"मृणाली, जुळलं!"

"काय जुळलं?"

"काय जुळलं काय विचारतेस? गळती! आपण सांगितली तेवढीच. यार, रेषेवर बसलाय एकेक ठिपका. भावना मॅडमनी पेढे वाटले. मॅडमनी! ज्यांनी आजवर कोणाला चहा पाजला नाही!"

मृणालीला उठून बसावंसं वाटलं, पण अंगात त्राण नव्हतं. ती पडल्या पडल्याच हसली. मग रडली. छपरांवरची हवा थरथरत होती आणि तिला वाटलं, ही खोलीच सुटून त्या हवेवर तरंगत खाडीच्या दिशेनं चाललीय. तिनं कितीदा तरी विचारलं, "खरंच?" आणि हितेशनं तितक्यांदा "खरंच" म्हटलं.

जिन्यात चांगदेव उभे होते. त्यांनी 'जुळलं' एवढंच ऐकलं. तेवढं त्यांना पुरलं.

रक्त पुन्हा तपासायला धामणकर नाक्यावर जायचं होतं. चांगदेवांनी घरासमोर रिक्षा आणवली, पोरीला शालीत गुंडाळून बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी अंग चोरून बसले. गावाच्या कमानीपाशी रिक्षा हळू झाली. मृणालीनं वर पाहिलं. वर तिचा स्वतःचाच चेहरा होता, दहावीच्या निकालाच्या वेळचा, दोन वेण्यांतला. त्याच्याशेजारी भगवा सूर्य, आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'वळ गावची सुकन्या कु. मृणाली चांगदेव तरे हिने पृथ्वीवर सूर्य निर्माण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्याखाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, गॉगल लावलेले.

"दादा, हे काय?" ती बापाला दादा म्हणायची.

"फ्लेक्स हाय," चांगदेव समोर बघत म्हणाले. "पोरांनी लावला."

"पोरांनी?"

"मी सांगितलां, पोरांनी लावला."

रिक्षावाला आरशातून तिच्याकडे नि फ्लेक्सकडे आळीपाळीनं बघत होता. "मॅडम आपही हो क्या?" मृणालीनं शाल नाकापर्यंत ओढली. तिला लाज वाटत होती आणि आतून कुठेतरी गोडही वाटत होतं. नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली. बाजूच्या गल्लीतल्या लूमच्या गाळ्यांतून कापसाचा भुसा उडत येत होता, उन्हात चमकत होता, आणि अशक्तपणानं तिला सगळं फार सावकाश, फार दुरून दिसत होतं, हॉर्नसुद्धा कापसात गुंडाळून आल्यासारखे. आपण काहीतरी बरोबर सांगितलं होतं. आयुष्यात प्रथमच कोट्यवधी अंशांच्या आगीनं आपलं ऐकलं होतं. ती बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली ती दवाखान्याच्या दारातच जागी झाली.

पुढच्या आठवड्यात भावना मॅडमनी तिला दोन चित्रफिती पाठवल्या. भावना मॅडम गटाच्या प्रमुख. ते गणित मुळात त्यांचं, त्यांचे केस काळे होते तेव्हापासूनचं. यंत्रावरच्या लोकांनी गळतीबरोबर आणखीही एक मोजणी केली होती. आगीत सूक्ष्म लहरी सोडून, त्या परतताना पकडून, आतल्या भोवऱ्यांचं चित्र काढलं होतं. एक फीत त्या खऱ्या भोवऱ्यांची, दुसरी संगणकातल्या भोवऱ्यांची. 'वाचू नकोस, काम करू नकोस,' मॅडमनी लिहिलं होतं. 'पडल्या पडल्या नुसती गंमत बघ. आपली मुलं आहेत ही.'

वाचायचं म्हटलं तर खरंच अक्षरं हलायची. म्हणून मृणाली बघत राहिली. फोन उशीला टेकवून आधी एक फीत, मग दुसरी. संगणकातले भोवरे मोठे होते, लांबट, गुबगुबीत. पाण्यात उतरलेल्या म्हशींसारखे ते निवांत एकमेकांना घासत जायचे. खरी फीत धूसर होती, ठिपक्याठिपक्यांची, नीट काही कळू न देणारी. बघता बघता डोळा लागायचा. जाग आली की ती पुन्हा सुरू करायची. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. अंगात ताकद असती तर तिनं त्या फिती एकदा पाहिल्या असत्या, छान म्हटलं असतं आणि पुढच्या कामाला लागली असती.

एका दुपारी तिला स्वप्न पडलं. ती त्या पोलादी भांड्यात उतरली होती. आत भाजत नव्हतं. गुडघ्याएवढा उजेड होता, फिका जांभळा, आणि ती साडीचा काष्टा मारून त्यातून चालत होती. संगणकातले भोवरे तिला ठाऊक होते, एकेकाला ती नावानं ओळखत होती, आणि त्यांना हाका मारत ती पुढे पुढे चालली होती. पण कोणी ओ देईना. उजेड नुसता खळखळत होता, बारीक, तुटक, तळव्यांना गुदगुल्या करत. कुठंही मोठं असं काही नव्हतं. चालून चालून ती थकली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण ज्यांना शोधतोय ते इथं राहतच नाहीत.

जाग आली तेव्हा उशी घामानं भिजली होती. ताप नव्हता. तिनं फोन घेतला आणि दोन्ही फिती पुन्हा लावल्या. या खेपेला मात्र ती खरंच पाहत होती.

त्यानंतरचे दिवस आत्यानं आणि तिनं भांडत काढले. मृणाली लॅपटॉप उघडायची, आत्या मिटायची. "डोलं जातील!" आत्या सांगायची. मग मृणाली आत्या देवळात गेली की उघडायची. थोडा वेळ आकडे लावायची, भोवंडलं की आडवी व्हायची, पुन्हा उठायची. यंत्रावरच्या लोकांकडून तिनं मोजणीचे मूळ आकडे मागवून घेतले. भोवऱ्यांची रुंदी काढली, जोर काढला. आणि जे निघालं ते तिनं तीनदा तपासून पाहिलं, कारण आजारी डोक्यावर तिचा विश्वास नव्हता.

उष्णता किती गळेल हे दोन गोष्टींवर ठरायचं. भोवरे किती जोराचे आहेत, आणि ते ऊब कितपत उचलतात. त्यांच्या गणितातले भोवरे खऱ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जोराचे होते. पण ते आळशी होते. खरे भोवरे जेवढी ऊब उचलत, त्याच्या निम्मीच ते उचलत. दुप्पट आणि निम्मं. दोन्ही चुका एकमेकींच्या गळ्यात गळा घालून उभ्या होत्या, म्हणून गुणाकार बरोबर आला होता.

उत्तर बरोबर. रीत चूक.

तिनं लॅपटॉप मिटला. बाहेर गोदामात कुठेतरी माल उतरवत होते, फोर्कलिफ्टचा पीं पीं आवाज येत होता. तिला कमानीवरचा तो दोन वेण्यांचा चेहरा आठवला.

कोणाला सांगितलं नाही तर? कोणीच विचारणार नव्हतं. गळतीचा अंदाज द्यायचा होता, तो दिला, तो जुळला. काही दिवसांनी मुंबईत मोठी बैठक होती. पुढच्या, कितीतरी मोठ्या यंत्राचा आराखडा तिथं ठरणार होता आणि त्यासाठी मॅडम हेच गणित मांडणार होत्या. मोठ्या यंत्रात भोवरे वेगळे असणार. तिथं या दोन चुका अशाच एकमेकींना सावरून धरतील याची काय खात्री? एक सुटली की दुसरी आपटणार. यंत्र बांधून होईल, माणसं वर्षानुवर्षं खपतील, आणि ऊब गळून जाईल.

तिनं आधी हितेशला सांगितलं.

"तुला अजून ताप येतोय का?"

"नाही."

"मृणाली, आपल्याला गळती विचारली होती. भोवऱ्यांचा आकार कोणी विचारला? कोणाचंच गणित सगळीकडे जुळत नाही. एक गोष्ट जुळली, इतक्या वर्षांनी, आणि तुला तीही..." त्याचा आवाज फाटला. "दोन वर्षं मी घरी धड गेलो नाही. बाबांना कालच फोनवर सांगितलं की झालं म्हणून."

"माझ्या दादांनी फ्लेक्स लावलाय, हितेश."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी चांगदेव वर आले. ते रोजच यायचे, खाटेच्या कडेला टेकायचे, गोदामांत आज कुठला माल आला, कोणाच्या ड्रायव्हरनं कुठला खांब पाडला ते सांगायचे. त्या दिवशी ते म्हणाले, "देवलात पोरं विचारत व्हती. हॉलमंदी सत्कार ठेवाचा बोलतान. तू उभी ऱ्हाशील ना दोन मिनटां?"

"दादा, ते चुकलंय."

"काय चुकलां?"

"आमचं गणित."

"जुळलां ना पन? मी आयकलां, जुळलां बोलला तो."

"उत्तर जुळलं. पण आम्ही ते जसं काढलं तसं ते नाहीच आहे आत. दोन ठिकाणी चुकलो, आणि चुका एकमेकींत जिरल्या."

चांगदेवांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मृणालीला वाटलं, आता ते म्हणणार, लोकांना काय कळतंय.

"आमच्या वर्गान महादू व्हता," ते म्हणाले. "पुस्तकाच्या मागं उत्तरां छापलेली असाची ना? तो ती बगून ठेवाचा, न् वर कायतरी गुनाकार-भागाकार लिवून खाली बरोबर उत्तर आनाचा. गुरुजी खूस. मग एक दिवस साहेब आले तपासाला. फल्यावर नवीन गनित घातलां. त्याचा उत्तर न्हवतां पुस्तकान."

"मग?"

"मग काय? महादू अजून तितंच उभा हाय." ते स्वतःशीच हसले, मग तिच्याकडे वळले. "तुमच्यासमोर येनार हाय काय असां नवीन गनित?"

"येणार आहे. मोठं यंत्र."

"मंग सांगून टाक."

"मॅडमचं सगळं आयुष्य गेलंय त्यात, दादा. कसं सांगू?"

चांगदेवांनी तिच्या पायांवर चादर ओढली आणि ते हळूहळू जिना उतरून गेले. सकाळी आत्या दूध घेऊन आली तेव्हा म्हणाली, "तुजा बा फाटेफाटे कमानीवर चरला व्हता शिडी लावून. या वयान! मी बोललां, पोरांना सांग, तर आयकं न्हाय. फ्लेक्स मीच लावला, मीच कारतंय बोलला."

मॅडमना तिनं फोनवर सांगितलं नाही. 'मुंबईला जाताना वाट वाकडी करून वळला याल का, काही दाखवायचंय,' एवढंच लिहिलं. मॅडम आल्या. मानकोलीपाशी ट्रकांत अडकून उशीर झाला, त्यामुळे जरा करवादलेल्याच आल्या. सुती साडी, पाठीला सॅक, पांढऱ्या केसांचा अंबाडा सुटलेला. पण मृणालीला बघून त्यांचा चेहरा बदलला.

"केवढी वाळलीस गं! आणि काय एवढं दाखवायचंय? बाळाचे फोटो बघावेत तसं पाहिलंस की नाही भोवऱ्यांना?"

"पाहिलं, मॅडम."

तिनं खिडकीचे पडदे ओढले. भर दुपारी खोलीत मऊ अंधार झाला. आत्याची पांढरी चादर भिंतीवर टांगलेली होती, आणि शेजारच्या पोराकडून आणलेल्या छोट्या प्रोजेक्टरनं तिनं दोन्ही फिती त्यावर शेजारीशेजारी सोडल्या. डावीकडे संगणकातले, उजवीकडे खरे. खऱ्या फितीतली धूळ तिनं शक्य तेवढी झाडून काढली होती. मॅडम खाटेवर बसल्या. बोलायचं सगळं मृणालीनं पाठ करून ठेवलं होतं, पण ऐनवेळी तिला वाटलं, आपल्याला दिसलं तसं यांना दिसू दे.

चादर वाऱ्यानं किंचित हलायची आणि त्यावरची आग सुरकुतायची. डावीकडे म्हशींचा कळप सावकाश चालला होता. उजवीकडे उजेड बारीक बारीक फाटत होता, जुळत होता, पुन्हा फाटत होता. फीत संपली की आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायची. किती वेळ गेला कोण जाणे. आत्या चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली. मॅडमच्या चष्म्यात दोन छोट्या आगी हलत होत्या.

"हे आपले नाहीत," मॅडम अगदी हळू म्हणाल्या.

"नाही, मॅडम."

"मग गळती कशी जुळली?"

मृणालीनं सांगितलं. दुप्पट आणि निम्मं. मॅडमनी मध्येच दोन प्रश्न विचारले, दोन्ही तिच्या हिशेबात खोट सापडावी या आशेनं. खोट नव्हती. आकडे लावताना मृणाली एकदाही रडली नव्हती, पण त्या दोन प्रश्नांची उत्तरं देताना तिचे डोळे वाहू लागले.

"रडतेस कशाला?" मॅडम म्हणाल्या. "मला रडायला हवं." पण त्या रडल्या नाहीत. त्या उठून चादरीजवळ गेल्या. आग त्यांच्या साडीवर, पांढऱ्या केसांवर पसरली. त्यांनी उजव्या बाजूला हात धरला. बारीक भोवरे त्यांच्या तळव्यावरून धावू लागले. "बघ, किती देखणे आहेत. मी आयुष्यभर यांच्यावर लिहिलं आणि यांना कधी पाहिलंच नव्हतं. अतिशय बारीक म्हणून सुरुवातीलाच सोडून दिले. संगणक तेव्हा केवढे होते गं आमचे! एवढ्या बारक्यांना धरायचं तर वर्ष लागलं असतं. म्हटलं, इतक्या छोट्यांनी काय होणार आहे."

"मग बैठकीत?"

मॅडम वळल्या. आग आता त्यांच्या पाठीवर होती आणि चेहरा अंधारात.

"त्या दिवशी जुळलं म्हणून कळलं ना, तेव्हा मी घरी जाऊन दिवसाढवळ्या झोपले. वाटलं, आता निवृत्त व्हायला हरकत नाही." त्यांनी चादरीची कड चिमटीत धरली. "ही चादर नेते. पडदा असेल तिथं, पण तो असा हलत नाही."

"मॅडम!"

"थट्टा केली गं. फिती दे. दोन्ही, अशाच शेजारीशेजारी."

आत्यानं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि खाडीच्या कोळंबीचं कालवण. मॅडम पाटावर मांडी घालून जेवल्या, दोनदा कालवण मागून घेतलं, आणि आत्यानं "तुमी पन सूर्यच करतांव?" म्हणून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "करत होतो. आता जरा चुलीपासून शिकतोय." आत्याला ते पटलं.

बैठकीत काय झालं ते मृणालीला हितेशकडून कळलं, कारण मॅडमबरोबर तो गेला होता. मॅडमनी आधी जुळलेली रेषा दाखवली. टाळ्या पडल्या. मग टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहून त्यांनी दोन फिती लावल्या आणि सांगितलं, आम्ही बरोबर आहोत, पण चुकीच्या कारणांनी, आणि म्हणून हे गणित मोठ्या यंत्रासाठी वापरू नका. सभागृह गार पडलं. पहिल्या रांगेतल्या एकानं तोंड वाकडं करून विचारलं, की मग तुम्ही इथं आलात कशाला. त्यावर मागच्या बाजूनं परदेशी गटातला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, आमच्या आकड्यांतही हेच असावं अशी मला बऱ्याच दिवसांपासून शंका आहे, पण पाहायचा धीर झाला नाही. त्याच्यामागून आणखी एक जण उठली. चहाची वेळ टळून गेली तरी लोक फितींपुढून हलेनात.

"मॅडम काय म्हणाल्या?" मृणालीनं विचारलं.

"परत येताना गाडीत म्हणाल्या, हितेश, बारक्या भोवऱ्यांचं काम तू घे, तुझा हात बारीक आहे. मृणाली, मी त्या दिवशी फोन ठेवला..."

"ठेवलास तर ठेवलास. घेतलंस का ते काम?"

"घेतलं."

मॅडमच्या निवृत्तीच्या दिवशी संस्थेत सत्कार वगैरे काही झाला नाही, त्यांनीच होऊ दिला नाही. त्या दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्या दिवशीही, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून बारक्या भोवऱ्यांची समीकरणं नव्यानं लिहू लागल्या. मृणालीच्या अंगात ताकद आली तशी ती परत गेली. बारके भोवरे मोठ्यांना चिरतात हे गणितात धरायचं तर संगणकाला महिनेच्या महिने लागत. ती वाट पाहायची शिकली. दुपारी संगणकघराच्या गुणगुणीत बसलं की कधी कधी त्या खोलीतल्यासारखी गुंगी यायची, आणि तिला तो फिका जांभळा उजेड तळव्यांखाली खळखळताना जाणवायचा.

पुढच्या वर्षी यंत्र पुन्हा मिळालं. अंदाज आधी, प्रयोग नंतर. या वेळी गळती आणि भोवरे, दोन्ही सांगायचं, असं त्यांनी स्वतःहून कबूल केलं.

निकाल आला त्या संध्याकाळी मृणाली वळला होती. चुलतभावाची, भाविकची, हळद होती. अंगणात मांडव, विजेच्या माळा, बेंजोवाल्यांनी ताल धरलेला, आणि सगळी भावकी हळदीनं पिवळी होऊन नाचत होती. फोन थरथरला तो तिला खूप उशिरा कळला. हितेशचं बोलणं ऐकू येईना म्हणून ती गर्दीतून वाट काढत गोदामाच्या भिंतीआड गेली. तिथं खाडीचा गार वारा होता, दिवेलागणीचं धुकट आभाळ पत्र्यांवर टेकलेलं.

"गळती नाही जुळली," हितेश म्हणाला. "पाचव्या हिश्शानं चुकलो. गेल्या वेळेपेक्षा वाईट."

"आणि भोवरे?"

पलीकडून कसलासा आवाज आला, आणि तिला कळलं की तो हसतोय, किंवा हसण्यासारखंच दुसरं काहीतरी.

"आकार तोच. जोर तोच. ऊब उचलण्याची पद्धत तीच. मृणाली, दोन फिती शेजारी लावल्या आणि मॅडमना विचारलं, आपली कुठली? त्यांनी चुकीची दाखवली!"

मृणाली भिंतीला टेकली. पत्रा दिवसभराचा तापलेला होता, अजून कोमट. पाचवा हिस्सा कुठून आला ते शोधायचं होतं, ते काम उद्यापासून. पण आत, तिथं समुद्रापार, त्या अधांतरी आगीत जे राहत होतं ते आता त्यांच्या गणितातही राहायला आलं होतं. तिनं हाक मारली असती तर त्यानं ओ दिली असती.

"इकरं काय करतंस एकटी?" चांगदेव भिंतीआडून पुढे आले. कपाळ, गाल, सदरा, सगळं हळदीनं माखलेलं. तिचा चेहरा पाहून ते थबकले. "काय गो? जुळलां?"

"नाही, दादा," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "पण रीत बरोबर आली."

चांगदेवांनी हातातली उरलेली हळद तिच्या दोन्ही गालांना फासली आणि तिला मनगटाला धरून मांडवाकडे ओढत म्हणाले, "मंग चल. आत्या मगाधरना बोंबलतंय, मृणाली कवा नाचाची म्हनून."